उत्तरेच्या भिंतीतली खोली

इंग्लंडमधल्या त्या खेड्यातलं चर्च सहाशे वर्षांचं. उत्तरेच्या जाड भिंतीत चिणलेली खोली उघडायला पास्क गवंड्याने भर दुपारी पहिला दगड काढला.

"सांगाडा आहे का हो?" धर्मगुरू थ्वेटबाईंनी हसत विचारलं.

"नाही बाई. रिकामी आहे. दुसरी वाटही नाही." टॉर्च आत धरून तो पाहत राहिला. मग तो म्हणाला, "पण दगडांमधल्या दरजा आतून भरल्यात."

"म्हणजे?"

"भिंत बांधणारा आतच राहिला."

बाईंचं हसू मावळलं. पास्कने आतल्या दरजेवर बोट फिरवलं. बोटाला ओला चुना लागला.

घाईघाईने त्याने दगड परत जागेवर ठेवला. तो जरा तिरका बसला.

आतून कुणीतरी तो हलकेच सरळ केला.