सोनाजीचा अर्ज

“गॅरेज तिकडं हाय, साहेब!” सोनाजीनं हात लांबवला. नांदेडहून आलेले प्रदूषण खात्याचे साहेब मात्र जीपमधून उतरून त्याच्याच अंगणात शिरले.

सोनाजी सकाळपासून फेटा बांधून बसला होता. ग्रामपंचायतीला संतरामनं त्याला पाडलं, तो काटा सहा महिने रुतून होता. संतरामचं जवळा बाजारच्या रस्त्याला गॅरेज. गाड्यांचं जळकं ऑइल आता घातक कचरा धरतात, विनापरवाना साठवलं की खटला, असं सुनेनं पेपरातून वाचून दाखवलं. सोनाजी मांडीवर थाप मारून उठला. “लिही कोमल! कोर्टाची पायरीच चढवतो भडव्याला.”

कोमल बी.ए. झालेली. घरातले सगळे अर्ज तीच लिहायची. सोनाजी सहीपुरता शिकलेला. खाली झोकात सही ठोकून त्यानं अर्ज स्वतः पोस्टात टाकला.

साहेब सरळ गोठ्यात गेले. कडब्यामागच्या ड्रमवर त्यांनी काठी आपटली. ड्रम भरलेला वाजला.

“हे काय?”

“हे व्हय? औषध हाय, ढोराच्या खरजेचं.” सोनाजी हसला. “अर्धं गाव माझ्याकडूनच नेतं. दोस्ती व्हती तवा संतरामच देत व्हता. त्याचं बघा ना तुमी!”

“त्याच्याकडं नंतर जाऊ. अर्ज या ड्रमचा आहे.” साहेबांनी कागद उलगडला. “‘माझ्या गोठ्यात विनापरवाना जळकं ऑइल साठवलेलं आहे. मी ते गावात वाटतो.’ ही सही तुमचीच ना?”

सोनाजीनं वाकून कागद बघितला. सही त्याचीच होती. तो दाराकडं वळला. “काय लिहिलंस गं हे? माझाच गळा कापला! काहून?”

कोमल आपल्या लेकराला, माऊलीला कडेवर घेऊन पुढं आली. तिनं त्याचा सदरा वर केला. मानेपासून कमरेपर्यंत कातडी आक्रसून काळवंडली होती.

“वीस दिवस दवाखान्यात व्हतं हे,” ती साहेबांना म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं सासऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

“याला खरूज झाली तवा याच ड्रमातलं चोपडून राहिले व्हते तुमी, मामा. मी पाया पडले, तर म्हणले, ‘ढोर मरत न्हाई, पोरगं कसं मरंल?’ आता सांगा तेच, कोर्टात.”