बागेतला बघण्याचा कार्यक्रम

“बाबा, टोपी काढ ना. अर्धा चेहरा झाकलाय,” अनिका म्हणाली.

“ऊन आहे.” प्रल्हादरावांनी टोपी आणखी खाली ओढली. “तू तिकिटं काढ. मी त्या झाडाखाली थांबतो.”

मुळात त्यांना यायचंच नव्हतं. कुणा श्रीमंताचं जुनं घर आणि त्याची ट्यूलिपची बाग बघायला सनीव्हेलहून एवढं ड्राइव्ह कशाला, हा त्यांचा सवाल. पण अनिका हटली नाही. जूनमध्ये तिला नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला जायचं होतं, आणि आईमागे एकट्या पडलेल्या बाबांना हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. म्हणून तिने ऑफिसातल्या वेदबरोबर कट शिजवला होता. वेदची आईही बरीच वर्षं एकटीच होती.

ठरल्याप्रमाणे वाफ्यांपाशी वेद आणि त्याची आई, शैलजामावशी, ‘अचानक’ भेटले.

“व्हॉट अ सरप्राइज!” अनिका जरा जास्तच जोरात ओरडली.

“नमस्कार. आपण मूळच्या कुठल्या?” बाबांनी विचारलं.

“नागपूरची. आणि आपण?”

“पुण्याचा.”

संपलं! उद्या परीक्षा असल्यासारखी दोघं ट्यूलिपकडे बघत राहिली. अनिकाचा जीव टांगणीला लागला.

“घरामागे बाक असेल, तिथे बसू,” बाबा म्हणाले आणि नकाशा न बघताच चालू लागले. बाक होता. वर जांभळ्या फुलांचा वेलही होता.

मावशींनी डबा उघडला. “चिवडा घ्या. दाणे नाहीत हं यात.”

बाबांना दाण्यांची ॲलर्जी! आता पत्रिका कशाला बघायची? अनिकाने वेदला कोपराने ढोसलं. बाबांनी थर्मास काढला, पिशवीतून कपही नेमके दोन निघाले.

“बिनसाखरेचा आहे.”

“चालेल,” मावशी म्हणाल्या, आणि कशावरून तरी दोघं हसली.

आईला हे आवडलं असतं का, हा विचार अनिकाला महिनाभर टोचत होता. पण असं हसताना तिने बाबांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आता बेलव्ह्यूचं सांगता येईल, एवढ्यात नाही, पण हळूहळू.

निघताना बागेत मदत करणारी एक पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई धापा टाकत मागून आली. तिच्या हातात बाबांची टोपी होती.

“हे पुन्हा तुमच्या बाकावरच टोपी विसरले बघा,” ती मावशींच्या हातात टोपी देत इंग्रजीत म्हणाली. “आज गुरुवार नसताना आलात? अच्छा, शेवटी मुलांना सांगितलंत वाटतं!”