मिस्त्रींचा अबोला

"बंद पडला! परत बंद पडला मुडदा!"

कुमारनं रिमोट खाटेवर आपटला. अंगणाच्या मधोमध हातभर लांबीचा ट्रक शेवटचा धूर सोडून गप्प उभा होता. खेळातला म्हणायचा तो नुसता आकारानं. आत खरं इंजिन, खरा कार्बोरेटर आणि टाकीत नायट्रोचं तेल. रविवारी वरव्याच्या माळावर शर्यत होती, आणि हे बेणं सकाळपासून अकराव्यांदा बंद पडलं होतं.

दोरी ओढली की चालू व्हायचं, दोन चकरा मारायचं, वेग दिला की खोकायचं आणि खलास. कुमारनं कार्बोरेटरची सुई आवळून बघितली, सैल करून बघितली. प्लग बदलला. हवेची जाळी धुतली. विंझरमध्ये त्याचं दुचाकीचं गॅरेज होतं, पार वेल्ह्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे. आणि इथं एवढ्याशा इंजिनानं त्याची अब्रू काढली होती.

पण त्याच्या रागाचं खरं कारण ओट्यावर बसलं होतं. अंगणाकडं पाठ करून, सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत.

आनंदराव मिस्त्री, कुमारचे वडील. तालुक्यातल्या विहिरींवरची डिझेल इंजिनं या माणसानं तीस वर्षं नुसत्या कानानं दुरुस्त केली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "व्हॉल्व्ह ढिला हाय," म्हणायचे, आणि व्हॉल्व्ह ढिलाच निघायचा.

तीन वर्षांपूर्वी कुमारनं त्यांचं जुनं इंजिन न विचारता भंगारात दिलं. त्यावरून घरात रणकंदन झालं. पुढं बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस संपलंच. कुमारनं हाक मारली तरी म्हातारा मान वळवेना. चार माणसांत काही विचारलं तर उठून चालू लागायचा. लेकाच्या गॅरेजची पायरी तर त्यानं कधी चढली नाही. काय हवं-नको ते सुनेला सांगायचं, तेही ती समोर येऊन बसली तर. असला आडमुठेपणा!

"आबांना विचार," कुमार बायकोवर खेकसला. "म्हणावं, एकदा कान लावा. फकस्त एकदा."

"तुमीच विचारा की. तोंड न्हाई का तुमाला?" मंगल म्हणाली.

"दोन वर्षं भिंतीशी बोलतोय म्या! आता न्हाई."

मंगलचा आवाज जात्याच खणखणीत. ती सासऱ्यासमोर जाऊन बसली. "आबा, ह्यांचा ट्रक सारखा बंद पडतोय. जरा कान लावता का?"

आनंदराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग चक्क उठले आणि अंगणात आले.

कुमारनं घाईनं ट्रक त्यांच्यापुढं ओढला. शर्यत जिंकायची होती हे खरंच. पण त्याहून त्याला हे हवं होतं, की बापानं आपल्या इंजिनाला कान लावावा आणि एक शब्द बोलावा. शिवी दिली तरी चालेल.

त्यानं दोरी ओढली. आनंदराव उकिडवे बसले, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावून डोळे मिटले. थोड्या वेळानं दुसऱ्या कानाला लावली. इंजिन खोकलं, घुसमटलं आणि बंद पडलं.

म्हाताऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि पाठ फिरवली.

"आबा! काय झालंय त्याला? बोला की!"

आनंदराव ओट्यावर जाऊन पुन्हा शेंगा फोडायला लागले.

कुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलास ह्यांचा माज? कळलंय ह्यांना काय बिघडलंय ते! पर सांगायचं न्हाई! चार गावांत पोराची फजिती व्हावी, एवढंच हवंय. एका भंगार इंजिनापायी!"

"हळू बोला, बाप हाय तुमचा."

"ऐकू दे! ऐकावं म्हणूनच बोलतोय!"

रागाच्या भरात त्यानं टाकीची नळी हिसडली, तर ती हातातच आली. क्लिपच्या खाली केसाएवढी चीर गेलेली. सायलेन्सरमधून टाकीला दाब देणारी ही नळी. दाब गळत होता, तेल पुरत नव्हतं, आणि हा सकाळपासून सुईला शिव्या घालत बसला होता.

त्यानं नवी नळी बसवली. ट्रक उचलून थेट ओट्याखाली, बापाच्या पाठीमागं विटेवर ठेवला, चाकं अधांतरी. दोरी ओढली आणि रिमोटचा घोडा दाबून धरला.

इंजिन किंचाळलं. खोकला नाही, अडखळणं नाही. गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेजारचा भिमा बाहेर येऊन बोंबलला, "आरं, कान फाटलं की!" मंगल कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडत होती, पण तिचाही आवाज पोचेना. वारा सगळा धूर गल्लीकडं नेत होता.

"घ्या! ऐका!" कुमार बेंबीच्या देठापासून ओरडला. "तुमच्यावाचून काय अडलं न्हाई माझं!"

म्हाताऱ्यानं एक शेंग फोडली. मग दुसरी फोडली.

आता कुमारचं भानच गेलं. घोडा दाबलेलाच ठेवून तो ओट्यावर चढला, बापाच्या पुढ्यात गेला आणि सूप लाथेनं उडवलं. शेंगा अंगणभर झाल्या. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आनंदरावांनी वर बघितलं. लेकाचा लालबुंद चेहरा बघितला, त्याच्या हातातला रिमोट बघितला. मागं इंजिन कोकलतच होतं. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला, लेकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"एवढं मनाला लावून घिऊ नगं, पोरा. आज न्हाई तर उद्या, हुईल की चालू."