उठायची सोय नव्हती

आमच्या विद्यानगरच्या घरात नको तो विषय निघाला की मी भरल्या ताटावरून उठते. मी उठले की विषय संपला.

माझा धाकटा संघपाल विशाखापट्टणमला पाहुण्यांना कयाकमधून, म्हणजे दोन माणसांच्या चिंचोळ्या होडीतून, मासे धरायला समुद्रात नेतो. हैदराबादहून त्याचं काम बघायला गेले, तर मलाही जाकीट चढवून पुढं बसवलं. किनारा लांब गेला आणि लाटा अंगावर यायला लागल्या. गळ टाकून देऊन मी दोन्ही कडा घट्ट धरल्या.

तेव्हा मागून तो म्हणाला, "माय, मला लग्न करायचंय. पोरगी इथल्याच कोळ्याची आहे."

"फिरव होडी!" म्हणत मी उठाया गेले, तशी होडी कलंडली.

"बैस खाली! उठलीस तर दोघंबी जाऊ!"

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला दम दिला. बसले. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिले.

वाळूवर पाय टेकल्यावर माझी जीभ सुटली. "असल्या दर्यात पाहुण्यांना नेतोस रे मेल्या?"

"आज नक्को म्हणून सगळ्या पाहुण्यांना परत धाडलं, माय. पण तू जमिनीवर कुठं ऐकतेस?"