रबरी बुचं

"शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी उस्तादच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवला.

कापड कारखान्याच्या मागखात्यात त्याला सगळे उस्तादच म्हणत. एकोणतीस वर्षं त्या खडखडाटात काढलेला माणूस! तिथे कानावर पडून काही कळायचं नाही. दहा माग पलीकडून कुणी शिवी हासडली, तर ती ओठ बघूनच पोचायची.

कारखान्याने कानात घालायला दिलेली रबरी बुचं त्याच्या खिशात डबीसकट नवीकोरी होती. "बुचं घातली तर माग काय म्हणतोय ते कसं कळायचं?" असं तो छाती काढून सांगे. हल्ली मात्र मागाचं दुखणं त्याला तळहात टेकवूनच कळायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आज नापास झाला की माग सुटणार आणि नोकरीची उरलेली चार वर्षं गोदामात गठ्ठे रचत बसायचं. नुसत्या विचाराने त्याला रडू येई.

हेडफोनमध्ये काहीच वाजेना. त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

मग त्याचं लक्ष गेलं. यंत्राची कळ दाबताना डॉक्टरबाईंची डावी भुवई जराशी वर जायची. देव पावला! भुवई वर, बटण खाली. पुन्हा भुवई, पुन्हा बटण. एकही शिट्टी चुकवली नाही पठ्ठ्याने.

शेजारच्या बाकावर त्याची बायको बसली होती. ती कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडीखात्यातली, तिथे मागांचा त्रास नाही. तिची तपासणी आधीच चोख झाली होती.

बाईंनी हेडफोन काढून घेतला, पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"माग सुटेल म्हणून घाबरला होतात ना?"

"खरं सांगू का बाई? दोन दिवस घास उतरत नव्हता."

"माग नाही सुटणार, मी बघते. पण खिशातली ती डबी आजपासून रिकामी हवी. बुचं कानात. आणि दर तीन महिन्यांनी माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल! अगदी आईशप्पथ!"

बाई हसल्या. खिशातली डबी यांना कशी दिसली कोण जाणे, पण त्याला आता कशाचीच फिकीर नव्हती.

बाहेर बोळात आल्यावर त्याने भला मोठा श्वास सोडला. अंगावरचं ओझं उतरलं होतं, नाचावंसं वाटत होतं. आपला माग, आपली जागा, आपली माणसं, सगळं शाबूत! त्याने तिथेच डबी उघडली आणि दोन्ही बुचं तळहातावर घेतली. दिलेला शब्द पाळायचाच होता.

मग नेहमीप्रमाणे तो बायकोच्या पुढे होऊन तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"बघितलंस? पास!"

"ते कळलं हो," ती म्हणाली. "पण मघाशी आईशप्पथ कसली घेतलीत? हेडफोन काढल्यापासून बाईंच्या तोंडून तर एक शब्द फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. घसा बसलाय का हो त्यांचा?"