खालच्या फळीचा कागद

कपाट उघडलं आणि पाळकबाईंच्या हाताला कागद लागलाच नाही. लागला तो ओला लगदा. मागच्या भिंतीतला नळ कधीपासून गळत होता कोण जाणे. मेथॉडिस्ट चर्चच्या मंडळीने दर वर्षी एक याप्रमाणे काढलेल्या पत्रिका त्या कपाटात होत्या. येत्या रविवारी चर्चला चाळीस वर्षं पुरी होणार होती आणि त्या सगळ्या ओळीने भिंतीवर लागायच्या होत्या.

पाळकबाई तशाच भिजल्या हातांनी पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्यात गेल्या.

"शाईकाका, घात झाला. एकोणचाळीस वर्षांच्या पत्रिका गेल्या. या वर्षीच्या तेवढ्या माझ्या टेबलावर होत्या म्हणून वाचल्या."

छापखानेवाल्याला सगळी मंडळी शाईकाकाच म्हणत. त्याच्या नखांतली शाई स्वतःच्या लग्नातही निघाली नव्हती. चर्च उभं राहिलं त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि पहिल्या पत्रिकेपासून सगळ्या त्यानेच छापल्या. वर्षाच्या पहिल्या रविवारी मंडळी देवाशी आपला करार नव्याने करते. त्या दिवशी या पत्रिका घरोघर जायच्या. एका वर्षी दारू सोडा म्हणणारी, एका वर्षी भावाभावांनी अबोला सोडा म्हणणारी. कागद महागला त्या वर्षीची तर तळहाताएवढीच.

"तुमच्याकडे प्रती असतील ना?"

"बाई, चांगला माल गिऱ्हाइकाकडे जातो. छापणाऱ्याकडे राहते ती रद्दी."

बोलता बोलता त्याला काही आठवलं. मग त्याने छपाईचं ट्रेडल यंत्र बंद केलं आणि फडक्याला हात पुसले.

"चला घरी. एकही गेलेली नाही."

स्वयंपाकघरात ओट्याखाली एक लांब फळी होती. तिच्यावर डबे. डब्यांखाली कागद.

पत्रिका छापायच्या दिवशी बायको जेवणाचा डबा घेऊन छापखान्यात यायची. आली की स्टुलावर बसायची आणि बोलायला लागायची. कोणाची सून रुसली, कोणाच्या पोराने शाळा बुडवली. तो ऐकायचा, हसायचा आणि हातातला ताव यंत्रात वाकडा जायचा.

"बघ! तू आलीस की एक ताव जातोच."

"जातो ना? मग तो माझा," असं म्हणून ती तो घडी करून पिशवीत टाकायची. संध्याकाळी तो खालच्या फळीवर अंथरलेला असायचा. जुना कागद न काढता, त्याच्यावरच.

"अगं, आधीचा काढ आणि मग नवा घाल. फळी दर वर्षी वर येतेय."

"येऊ दे की वर. माझे गुडघे कुठे वाकतायत आता? तेवढंच कमी वाकायचं."

आळशी आहेस, असं तो तिला एकोणचाळीस वर्षं म्हणत आला होता.

ती जाऊन नऊ महिने झाले होते. दफनाच्या वेळी पाळकबाईंनीच प्रार्थना केली होती. तेव्हापासून तो चहाचा आणि साखरेचा एवढे दोनच डबे काढी आणि कागदावरच्या त्यांच्या गोल डागात नेमके परत ठेवी. बाकीचे तिने ठेवले तसेच होते. पोटच्या पोरीलाही त्याने तिथे हात लावू दिला नव्हता.

तो फळीसमोर खाली बसला आणि नुसताच बसून राहिला. पाळकबाईंच्या ते ध्यानात आलं.

"काका, राहू द्या. मी लोकांना खरं काय ते सांगेन. भिंत मोकळी राहिली तर राहिली."

"मोकळी कशी राहील? माझं काम आहे ते."

त्याने पहिला डबा उचलून टेबलावर ठेवला. मग दुसरा. सगळे उतरल्यावर कागदाचा थर कडेने सोडवून घेतला आणि एकेक ताव सुटा केला. वरचे पांढरे, मधले पिवळे, खालचे तपकिरी. अगदी तळाशी पहिल्या वर्षीचा होता. पूर्ण एकोणचाळीस भरले.

पाळकबाई एकेक उजेडाकडे धरून बघू लागल्या. एक तिरका, एक शाई फासलेला. एकावर पान उलटं छापलं होतं. प्रत्येकावर डब्यांचे गोल डाग.

"काका, तुमच्या छापखान्यातून चुकीचा कागद बाहेर जात नाही, असं सगळा गाव म्हणतो. हे असे लावायचे? दुरून दुरून लोक येणार आहेत."

"लावा. माझं चांगलं काम मंडळीने हरवलं. बिघडलेलं तेवढं तिने जपलं."

रविवारी चाळीस पत्रिका भिंतीवर ओळीने लागल्या. लोक वाचत होते, हसत होते, डागांवर बोटं फिरवत होते. एका म्हातारीने अबोल्याच्या पत्रिकेसमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं, "ही वाचली आणि मी जावेशी बोलायला गेले." शाईकाका छाती काढून ओळीच्या टोकाला उभा होता. त्याच्या शेजारी शेवटची, या वर्षीची पत्रिका होती. एकही डाग नसलेली ती एकटीच. कोणी विचारलं की तो सगळ्यांच्या चुका स्वतःच सांगत होता. ही कोणाच्या सुनेपायी वाकडी गेली, ती कोणाच्या पोरापायी.

घरी डबे अजून टेबलावरच आहेत. फळीवर नवा कागद घालायचा राहिला आहे. या वर्षी छपाईच्या दिवशी स्टुलावर कोणी नव्हतं आणि एकही ताव बिघडला नाही.