चौकीदाराची चार पानं

पुस्तक या वेळी गुरांच्या रोगांवरच्या दोन जाड ग्रंथांमागे सापडलं. ग्रंथपाल बाईंनी ते ओढून काढलं आणि हातात तसंच धरून त्या वाचनकक्षात आल्या. खिडकीपाशी घड्याळजी पेपर वाचत बसले होते. निदान तसं दाखवत तरी होते.

दाराशी बाईंनी स्वतः रंगवलेली पाटी होती, ‘पानगळीत वाचायला नवी पुस्तकं’. तिच्याखाली कादंबऱ्या, प्रवासवर्णनं आणि मधोमध निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलेला या शहराचा इतिहास. म्हणजे मधोमध तो असायला हवा होता. रोज सकाळी बाई तो तिथे उभा करत आणि दुपारपर्यंत तो परागंदा होई. कधी शिवणकामाच्या पुस्तकांत, कधी शब्दकोशांच्या मागे. शनिवारी मास्तरांचं व्याख्यान होतं, शाळेची मुलं येणार होती. बाईंच्या नाकी नऊ आले होते.

“घड्याळजी, हे उद्योग तुमचेच ना?”

“हो,” घड्याळजी म्हणाले.

ते कानावर हात ठेवतील असं बाईंनी धरलं होतं. सरळ हो म्हटल्यावर त्यांचं डोकं आणखीच तापलं.

“अहो, यात चार पानं तुमच्या वडिलांवर आहेत. दुसरा कोणी असता तर पुस्तक डोक्यावर घेऊन नाचला असता. आम्ही शनिवारी तुमचा सत्कार ठेवलाय, आणि तुम्ही बापाला गुरांच्या रोगांत कोंबताय.”

“ती चार पानं खोटी आहेत.”

बाई मटकन खुर्चीत बसल्या. ती पानं त्यांना तोंडपाठ झाली होती. पुराचं वर्ष. नदीवरचा बांध फुटायच्या बेतात. बांधावरच्या खोलीत राहणारा चौकीदार वादळात बाहेर पडतो, एकटा लोखंडी चाक फिरवून बांधाचा दरवाजा उचलतो, पाणी जुन्या पात्राकडे वळतं आणि शहर वाचतं. पुढे त्याला पदक मिळतं.

“मग खरं काय ते एकदा सांगून टाका,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे.”

घड्याळजींनी पेपरची घडी घातली. “मला त्या दिवसांत टेकडीवर मावशीकडे ठेवलं होतं. सकाळी गच्चीवरून बांध दिसत होता. चाकाला लोंबकळत होती ती माझी आई. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. पाणी ओसरल्यावर मी घरी धावलो, तर वडील पांघरूण घेऊन पडलेले. ताप होता म्हणे. पदक मात्र त्यांनी घेतलं.”

“आणि आई गप्प?”

“तोंडाला कुलूप. एवढी वर्षं तिच्याशी भांडतोय. म्हणते, वाच्यता केलीस तर माझं तोंड बघू नकोस. वडील गेले तरी तेच. आता पुस्तकही छापून आलं. लपवण्याशिवाय मी दुसरं काय करणार होतो?”

बाईंचा राग आता दुसरीकडे वळला. अशा गोष्टी ऐकल्या की त्यांना स्वस्थ बसवत नसे. “चला,” त्या म्हणाल्या. “मी बोलते आईंशी. मास्तर भले माणूस आहेत, चूक कळली तर स्वतः भर सभेत सुधारतील.”

घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत त्यांची म्हातारी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी नाव-गाव सांगितलं, पुस्तक उघडलं आणि ती चार पानं मोठ्यानं वाचली. म्हातारीचा हात थांबला नाही.

“चांगलं लिहिलंय,” ती शेवटी म्हणाली. “राहू दे तसंच.”

“पण आजी, शहर तुम्ही वाचवलंत.”

“याने सांगितलं वाटतं. याच्या पोटात काही राहत नाही.”

“आई, आता पुरे झालं,” घड्याळजींचा आवाज चढला. “शनिवारी मला त्या माणसासाठी टाळ्या घ्यायला उभं करणार आहेत. तू तिथे मरत होतीस आणि तो पांघरूण घेऊन झोपला होता. आयुष्यभर मला त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.”

म्हातारीने हातातला सदरा खाली ठेवला. तिने लेकाकडे पाहिलं. हे तिला आजवर ठाऊक नव्हतं, असं बाईंना तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“एवढं मनात धरून होतास?” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला फक्त माझं नाव हवंय.”

म्हातारीने सदरा पुन्हा उचलून मांडीवर घेतला.

“सरकारी साहेब पदक घेऊन आले तेव्हा तुझे वडील नको म्हणत होते. मीच त्यांना माझी शपथ घातली. गप्प राहायला मी लावलं, त्यांनी नाही.”

“पण गेला नाही ना तो चाकापाशी?”

“तापाने अंग भाजत होतं, उभं राहवत नव्हतं. वाऱ्याने पहिल्या पावलाला पाण्यात फेकलं असतं. तरी काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले होते.”

“मग थांबले कसे?” बाईंनी विचारलं.

“थांबतात कुठले,” म्हातारी म्हणाली. “मी बाहेरून कडी घातली.”